पांढरी टेप आणि इलेक्ट्रॉनच्या जोड्या

फेब्रुवारीतला तिसरा शनिवार, सकाळी सव्वानऊ. भौतिकशास्त्र विभाग, मागची खोली.

हजर: मी. माझी संशोधक विद्यार्थिनी, वय छत्तीस, सास्तूरहून स्कूटीवर आलेली. विभागाचे परिचर, ज्यांना प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या मुलांपर्यंत सगळे मामा म्हणतात. पशुवैद्यक डॉक्टर, नायट्रोजनचा कॅन द्यायला आलेले, चहापुरते थांबतो म्हणाले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. गैरहजर: वीज, साडेदहापर्यंत.

ही माझ्या वहीतली नोंद आहे, फक्त नावं काढली. प्रयोगाच्या दिवशी मी आधी हजेरी लिहिते, मग कामांची यादी, मग घड्याळ बघून सुरुवात करते. लग्नाच्या आधीपासूनची सवय आहे. घरात किराणा, मुलांची औषधं, गॅसचा नंबर, सगळं यादीत. नवरा म्हणतो, तुझ्या यादीत मी कितव्या नंबरला? मी सांगते, तुम्ही काम नाही, म्हणून यादीत नाही.

त्या शनिवारी एकच गोष्ट ठरायची होती: विद्यार्थिनीच्या प्रबंधातलं पाचवं प्रकरण खरं आहे की नाही. पहिली चार प्रकरणं तयारी होती, पाचवं म्हणजे तिचा दावा. नोंदणीची मुदत मार्चअखेर संपत होती. मुदतवाढ एकदाच मिळते, ती घेऊन झाली होती. पाचवं प्रकरण पडलं असतं तर सहा वर्षांचं काम नव्या नोंदणीनं पुन्हा पहिल्यापासून. ती आमच्याकडं तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे घेतले तेवढेच तास तिचे. पीएच.डी. झाली की कायम जागेसाठी अर्ज करता येतो. तिच्या सासूबाई सकाळी निघताना तिला विचारायच्या, "आज तरी मोडतील का गं तुझ्या जोड्या?"

जोड्या म्हणजे काय ते सांगते. अवघड नाही.

काही पदार्थ पुरेसे थंड केले की त्यांतून वीज अजिबात अडथळा न होता वाहते. त्यांना अतिवाहक म्हणतात. अशा पदार्थात इलेक्ट्रॉन एकेकटे राहत नाहीत, जोडीनं राहतात. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा एक गुण असतो आणि तो दोनच तऱ्हेचा असतो, वरचा किंवा खालचा. जोडीत एक वरचा, एक खालचा. ही जोडी मोडायला ठरावीक ऊर्जा लागते. तेवढी ऊर्जा नसलेला एकटा इलेक्ट्रॉन बाहेरून आला तर आत त्याला जागा नसते.

हे बाहेरून तपासायची रीत म्हणजे टनेलिंग. अतिवाहकावर वीज जाऊ न देणारा एक अतिशय पातळ थर द्यायचा आणि त्याच्यावर सोन्याचा ठिपका. थर इतका पातळ, की काही इलेक्ट्रॉन तो असूनही पलीकडं निघून जातात. विद्युतदाब थोडा थोडा वाढवायचा आणि किती गेले ते मोजत राहायचं. कमी दाबाला थोडेच जातात, ठरावीक दाब ओलांडला की भराभर जातात. आलेख काढला की मधोमध खळगा दिसतो आणि दोन बाजूंना दोन खांदे. खळगा खोल असेल तर जोड्या धडधाकट आहेत. खळगा उथळ झाला तर जोड्यांचं काहीतरी बिघडलंय.

विद्यार्थिनीनं काय केलं, तर त्याच नमुन्यावर दुसऱ्या कोपऱ्यात चुंबकी पदार्थाचा थर घेतला. त्या थरातून वीज सोडली की आत शिरणारे बहुतेक इलेक्ट्रॉन एकाच स्पिनचे असतात. त्यांना आत जोडीदार मिळत नाहीत. ते रेंगाळतात आणि असलेल्या जोड्यांनाही त्रास देतात.

मामांनी हे पहिल्याच वर्षी आपल्या पद्धतीनं लावून घेतलं होतं. ते नमुन्यांच्या डब्या पुसत होते, आम्ही बोलत होतो. मधेच म्हणाले, "म्हंजी बाजारातनं सगळे डाव्या अंगाचेच बैल आणले म्हणा की. मग जुपायचे कसे?"

आमच्याकडं बैल एकदा जुवाच्या एका अंगाला लागला की दुसऱ्या अंगाला नीट चालत नाही. मी आता वर्गात हेच सांगते, मामांचं म्हणूनच सांगते.

तुलनेसाठी दुसऱ्या तऱ्हेचे नमुने होते. सगळं तेच, फक्त चुंबकी थराच्या जागी साधा, चुंबक नसलेला थर. त्यातून दोन्ही अंगांचे इलेक्ट्रॉन सारखेच येतात, त्यांना लगेच जोडीदार मिळतात, खळग्याला फारसं काही होत नाही. चुंबकी नमुन्यात खळगा उथळ झाला, साध्यात झाला नाही, म्हणून कारण स्पिन. हे पाचवं प्रकरण.

प्रबंधाच्या समितीच्या मागच्या बैठकीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला होता. "खळगा स्पिनमुळं उथळ झाला, की नमुना तापला म्हणून?" वीज सोडली की तापणारच, आणि तापलं की जोड्या आपोआप मोडतात. विद्यार्थिनीनं उत्तर दिलं, तापमापक हलला नाही, आणि साधा नमुना तेवढ्याच विजेला बदलला नाही. तज्ज्ञांनी मान हलवली आणि शेऱ्यात लिहिलं: दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकापाठोपाठ, पुन्हा मोजून दाखवावेत.

ती परतीच्या वाटेवर तो शेरा परत परत वाचत होती. मी मात्र मजेत होते. पुन्हा मोजणं हे माझं आवडतं काम आहे.

नमुने आम्ही बनवत नाही. तसली यंत्रं मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत असतात. तिथं ती सहा आठवडे राहून नखाएवढे सहा नमुने करून घेऊन आली होती. त्यांतला एक पहिल्याच वर्षी खराब झाला; उरले चुंबकी दोन, साधे तीन. मोजमाप मात्र इथलं, आणि त्याला लागतो द्रव नायट्रोजन. आमच्या तालुक्यात द्रव नायट्रोजन एकाच कामाला येतो: वळूंचं वीर्य थंड ठेवायला. म्हणून आमचं सगळं संशोधन पशुवैद्यक डॉक्टरांच्या फेऱ्यांवर चालतं. गाभण राहणाऱ्या गायींची संख्या वाढली की आमच्याकडं नायट्रोजन कमी येतो. हे मी एकदा वार्षिक अहवालात लिहिलं होतं, प्राचार्यांनी ते वाक्य काढायला लावलं.

त्या दिवशी डॉक्टरांनी कॅन मामांच्या हवाली करताना सांगितलं, "माझे वळू दुसऱ्या कॅनात झोपलेत, ह्यात कुणी नाही. तुमच्या इलेक्ट्रॉनला पोहू द्या. पण तळाशी चार बोटं ठेवायची. दोन वाजता तेवढं मी त्या कॅनात ओतणार. न्हाय तर सोमवारपर्यंत वळू टिकत न्हाईत."

"किती हाय आत्ता?" मामांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लाकडी पट्टी आत सोडली. बाहेर काढली, हवेत हलवली. जिथवर बुडाली होती तिथवर पांढरं दव जमलं. "चौदा बोटं."

म्हणजे आमची दहा बोटं. यादीत लिहिलं.

साडेदहापर्यंत वीज आली नाही. नायट्रोजन काही विजेची वाट बघत नाही, तो उडतच असतो. सव्वा तासात मामांनी पट्टी तीनदा सोडली. तिसऱ्यांदा विद्यार्थिनी म्हणाली, "मामा, तुमच्या पट्टीनंच अर्धा संपंल."

"मग वायरमनला फोन लाव, मला कशाला बोलायलीस?"

वीज आली तेव्हा तेरा बोटं होती. चुंबकी नमुना क्रमांक एक आधी. मामांनी यादी वाचत वाचत काम केलं, ही माझी शिस्त: वाचायचं मोठ्यानं, करायचं, मग पुढं. "तारा तपासल्या. ठोकळ्यावर बसवला. तापमापक लावला. टेपचे दोन येढे." ही टेप म्हणजे नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पातळ पांढरी टेप. मग नमुना हळूहळू कॅनच्या मानेतून खाली.

पडद्यावर खळगा आला. छान, खोल, दोन्ही खांदे सारखे. मग चुंबकी थरातून वीज सोडायला सुरुवात केली, थोडी, अजून थोडी. खळगा वर येऊ लागला. शेवटच्या पायरीला साधारण पाव हिश्शानं उथळ झालेला होता. मागच्या वर्षीही एवढाच झाला होता.

"आलं!" विद्यार्थिनी म्हणाली.

डॉक्टर खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. "मॅडम, हे वर यायलंय ते चांगलं की वाईट?"

"चांगलं."

"आमच्यात ताप वर आला की वाईट."

नमुना बाहेर काढला, टेपवर दव साचलं, ते वितळून वाळू दिलं, टेप सोडवली, नमुना आत कोरडा ठणठणीत. मग साधा नमुना. मामांनी पुन्हा यादी वाचली, तारा, ठोकळा, तापमापक, आणि नमुना आत सोडला. खळगा खोल. वीज वाढवत गेलो. खळगा जागचा हलला नाही. शेवटच्या पायरीला केसाएवढा फरक पडला असेल, तो कुठल्याही दिवशी पडतो.

बारा वाजले होते. नऊ बोटं. यादीतल्या सगळ्या कामांपुढं खूण झाली. मी मामांना दुसरा चहा सांगितला आणि तज्ज्ञांना पाठवायच्या पत्राचा मजकूर मनात जुळवू लागले. मला पत्राचं पहिलं वाक्यही सुचलं होतं.

मामांनी साधा नमुना वर काढला. त्याच्यावर सरळ दव बसलं, पांढरं, साखर भुरभुरल्यासारखं. मामांनी कोपऱ्यातला केस वाळवायचा ड्रायर घेतला आणि त्याच्यावर धरला. विद्यार्थिनी ते बघत होती. बघता बघता तिनं विचारलं, "मामा, ह्याला टेप का न्हाय लावली?"

"यादीत न्हाय की."

"चुंबकीला हाय?"

"हाय. दोन येढे. हे बघा, मॅडमनीच लिवलंय."

मी यादी हातात घेतली. चुंबकी नमुन्याच्या रकान्यात टेपची ओळ होती, साध्याच्या रकान्यात नव्हती. मला ती ओळ लिहिलेला दिवस आठवला. मोजमापाच्या पहिल्या वर्षी तिसरा एक चुंबकी नमुना होता. तो मोजून वर काढला तेव्हा त्याच्यावर दव बसलं, दवाचं पाणी झालं, आणि आठवड्याभरात त्याच्यावर पांढरे डाग पडून तो मेला. या पदार्थांना पाणी सोसत नाही. मी त्याच दिवशी यादीत लिहिलं: चुंबकी नमुन्याला टेपचे दोन वेढे. साधे तीन होते, त्यांतला एखादा गेला तरी चाललं असतं, म्हणून त्यांच्यासाठी ओळ लिहिली नाही. लाडक्याला झबलं घातलं, दुसऱ्याला उघडंच सोडलं.

झबल्यात गरम होतं, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा सुचलं. टेपखाली नायट्रोजनचे बुडबुडे अडकतात. बुडबुडे म्हणजे वायू, वायू म्हणजे गोधडी. तापमापक खाली तांब्याच्या ठोकळ्याला लावलेला. तो गार होता आणि गार आहे असंच सांगत होता. नमुन्याच्या वरच्या पातळ थराचं काय चाललंय हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

मी खुर्चीत बसले. विद्यार्थिनी उभीच होती.

"अगं, मोजून बघू," मी म्हणाले. "साध्याला टेप लाव, परत सोड. काही झालं नाही तर प्रश्नच मिटला."

"आन् झालं तर?"

"झालं तर झालं."

मामांनी साध्या नमुन्याला दोन वेढे दिले. या वेळी यादी वाचली नाही, कारण ती ओळ यादीत नव्हतीच. नमुना खाली गेला. खळगा खोल. वीज वाढवली. दुसऱ्या पायरीला खळग्याचे खांदे पुसट व्हायला लागले. चौथ्या पायरीला तळ वर आला. शेवटच्या पायरीला तो चुंबकीच्या मानानं निम्म्याहून थोडा जास्त उथळ झालेला होता. ना चुंबक, ना स्पिन, फक्त टेप.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं, आणि कप खाली ठेवला.

विद्यार्थिनी हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे मी दोन वर्षं टेप मोजली."

"निम्मी टेप," मी म्हणाले. "निम्मं अजून माहीत नाही."

हे मी धीर द्यायला म्हटलं नव्हतं. गणित तेच होतं. टेपनं सगळा फरक केला असता तर दोन्ही नमुने टेपखाली सारखेच वागले असते. चुंबकीत जास्त फरक होता. उरलेला फरक स्पिनचा असू शकतो, किंवा चुंबकी थर जरा जास्त तापणारा असू शकतो. ठरवायचा एकच मार्ग होता: चुंबकी नमुना उघडा मोजायचा, टेपशिवाय. टेपशिवाय मोजला तर तो वर काढताना त्याच्यावर दव बसणार. चुंबकी दोनच उरलेले.

माझं मत थांबायचं होतं. मी तसं सांगितलंही. आधी कोरडी पेटी बनवू, आत ओल शोषणारे खडे ठेवू, नमुना तिच्यातच वर काढू, म्हणजे हवा लागणार नाही. दोन महिने लागतील. तिनं मला बोटांवर मोजून दाखवलं: मार्चअखेरला किती आठवडे उरलेत. पाच.

"मामा, किती बोटं?" तिनं विचारलं.

"सात."

"डॉक्टर, तुमची चार. एका फेरीला दोन लागतात."

"ताई, माझ्याकडं बघून ठरवू नका," डॉक्टर म्हणाले. "लागलं तर वळूंना शेजारच्या तालुक्यात घेऊन जातो पाहुणचाराला."

"मॅडम, मी क्रमांक एक सोडते उघडा."

"गेला तर?"

"गेला तर क्रमांक दोन हाय. आन् ह्याचं उत्तर माझ्याकडं नसलं तर दोन्ही असून काय उपयोग? तज्ज्ञ विचारतील तेव्हा मी काय सांगू, झबलं काढायला भ्याले म्हणून?"

झबल्याचं मी मोठ्यानं बोलले होते, हे मला तेव्हा कळलं.

प्रबंध तिचा, नमुना तिनं बनवलेला, सहा वर्षं तिची. मी यादीचं नवं पान काढलं आणि तिला सांगितलं, तू बोल, मी लिहिते. तिनं सांगितलेला क्रम माझ्या क्रमापेक्षा चांगला होता. वर काढताना घाई करायची नाही. कॅनच्या मानेत, जिथं नायट्रोजनची वाफ असते आणि बाहेरची हवा पोचत नाही, तिथं नमुना पंचवीस मिनिटं टांगून ठेवायचा, म्हणजे तो तिथंच बराचसा गारठा सोडेल आणि बाहेर आल्यावर कमी दव धरेल. हे मला पहिल्या वर्षी सुचायला हवं होतं.

मामांनी नमुना आत सोडला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. खळगा पडद्यावर आला. विद्यार्थिनीनं वीज एकेक पायरी वाढवली आणि प्रत्येक पायरीला थांबली, मी सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ. पहिल्या दोन पायऱ्यांना काही झालं नाही. मी पेन खाली ठेवलं नाही, पण लिहितही नव्हते.

तिसऱ्या पायरीला खळगा हलला.

टेप असताना खांदे पुसट व्हायचे, आलेख फडक्यानं पुसल्यासारखा दिसायचा. इथं खांदे टोकदार राहिले आणि तळ तेवढा वर आला. शेवटच्या पायरीपर्यंत तळ वरच येत राहिला. पहिल्या दाव्याच्या निम्म्याहून कमी, पण साध्या नमुन्याच्या केसाएवढ्या फरकापेक्षा कितीतरी जास्त. तापलं तर खांदे पुसट होतात. हे खांदे पुसट नव्हते.

"मामा," विद्यार्थिनी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "तुमचे डाव्या अंगाचे बैल आले."

"किती?"

"सांगितले होते तेवढे न्हाईत. पण आलेत."

"मग आले म्हणा की! आधी काय बाजार भरवला होता?"

डॉक्टर इतके जोरात हसले की शेजारच्या रसायनशास्त्राच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं.

नमुना मानेत पंचवीस मिनिटं टांगला. मामा घड्याळ धरून बसले. बाहेर काढल्यावर त्याच्यावर दव बसलंच, पण थोडं, आणि लगेच गेलं. नमुना दिसायला ठीक राहिला. सोन्याच्या ठिपक्याची एक तार मात्र निसटली. त्या पातळ थराला धक्का न लावता ती पुन्हा जोडणं आम्हाला जमलेलं नाही. म्हणजे क्रमांक एकचं मोजमाप ते एकच. डॉक्टरांनी दोनला पाच मिनिटं असताना आपली चार बोटं ओतून घेतली. पाचवं बोट होतं, तेही नेलं.

त्या रात्री मी जेवण झाल्यावर सरळ झोपले. सकाळी उठून दोन पानं लिहिली: चूक कुठं झाली, कुणी केली (मी), कशी कळली (विद्यार्थिनीमुळं), आता दावा किती. ती पानं तज्ज्ञांना आधीच पाठवली. सभागृहात शोधून काढायला लावण्यापेक्षा ते बरं. विद्यार्थिनीनं पाचवं प्रकरण बारा दिवसांत नव्यानं लिहिलं. पहिल्यापेक्षा नऊ पानांनी लहान झालं, आणि वाचताना मला कुठंही थांबावं लागलं नाही. टेपवर तिनं वेगळं परिशिष्ट केलं. माझ्या यादीची छायाप्रत त्यात आहे, माझ्या अक्षरातली ती ओळ गोल करून. मी तिला विचारलं, हे एवढं लागतं का? ती म्हणाली, "मॅडम, तुमीच म्हणता लिहून ठेवायचं."

मार्चमधल्या सादरीकरणात तिनं पहिलीच ओळ अशी वाचली: मागच्या वेळी मी जेवढा परिणाम सांगितला त्यातला मोठा भाग उष्णतेचा होता, उरलेला स्पिनचा असावा असं एका नमुन्यावरच्या एका मोजमापावरून दिसतं. सभागृहात खुर्च्या करकरल्या. तज्ज्ञांनी तिला पाऊण तास धरलं. खांदे पुसट नाहीत हे कशावरून म्हणता, चुंबकी थर आणि साधा थर दोन्हींचा विजेला अडथळा सारखाच आहे का, आकडे दाखवा. तिच्याकडं आकडे होते. अडथळ्याचं मोजमाप तिनं त्या बारा दिवसांतच केलं होतं, मला न विचारता. शेवटी तज्ज्ञ म्हणाले, "एका नमुन्यावर विश्वास ठेवायला मला आवडत नाही."

"मलाही," ती म्हणाली.

समितीनं प्रबंध घ्यायचं ठरवलं, एका अटीवर. तोंडी परीक्षेच्या आधी चुंबकी नमुना क्रमांक दोन टेपशिवाय मोजायचा आणि तो निकाल, कसाही आला तरी, पुरवणी म्हणून जोडायचा. प्रबंध मुदतीच्या तीन दिवस आधी जमा झाला. सासूबाईंनी तिला विचारलं, मोडल्या का जोड्या? तिनं सांगितलं, मोडल्या, पण मी म्हटलं होतं तेवढ्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "बरंच झालं, उगं सगळ्याच कशाला मोडायच्या."

आता एप्रिल संपत आलाय. क्रमांक दोन डबीत आहे, ओल शोषणाऱ्या खड्यांसकट. तो एकच उरलाय, तेव्हा तो हवेत वर काढायचा नाही, हे आमचं तिघांचं ठरलेलं. कोरड्या पेटीसाठी मामांनी माशांची एक जुनी काचेची टाकी आणली, उलटी केली, तिच्या एका बाजूला हात घालायला दोन भोकं पाडून घेतली, भोकांना लांब रबरी हातमोजे बसवले. टाकी ज्या लाकडी पाटावर बसते त्याला कॅनची मान नेमकी बसेल असं भोक पाडलं. मी काम वाटून दिलं, तारखा घातल्या, आणि जवळजवळ सगळ्या ओळींपुढं खूण झालीय. जून लागला की हवेतली ओल वाढते, त्याच्या आधी मोजणं व्हायला हवं. डॉक्टरांनी मेच्या दुसऱ्या आठवड्यातला एक दिवस दिलाय, दहा बोटांच्या बोलीवर.

टाकीच्या कडेला आणि पाटाच्या मधे रबराची पट्टी बसवायची राहिलीय. मामांनी दोन तऱ्हेच्या पट्ट्या आणून बघितल्या, दोन्हींतून हवा येते. तिसरी अजून मिळालेली नाही.